दम

घुगे सर म्हणाले, चपला काढू नका.
ज्या पायतानात गल्लीतून येता
त्याच पायतानात शिका.

आम्ही सतरा जणी, बियाण्याच्या कंपनीत पाकिटं भरणाऱ्या.
नखांत औषधाचा गुलाबी रंग, धुतला तरी न जाणारा.
दुसरी पाळी दहाला सुटते
आणि जालन्यात दहानंतर रिक्षा
नवसानं मिळते.

सर जुने कबड्डीवाले. डावा गुडघा गेलेला.
वाटलं, लाथ शिकवतील, बुक्की शिकवतील,
पहिला आठवडा नुसतं चालायला शिकवलं.
मान वर. मोबाइल पिशवीत.
कोपरा भिंतीला घासून नाही, लांबून वळायचा.
मागं पाऊल वाजलं तर आपण रस्ता ओलांडायचा.
त्यानंही ओलांडला
तर समजायचं.

दुसऱ्या आठवड्यात ओरडायला.
हे लई अवघड गेलं.
शेवंताला हसू यायचं, रझियाला ठसका,
माझा गळा तर असा, जसं लहानपणीच कुणी
झाकण फिरवून ठेवलंय.
"वाचवा म्हणू नका," सर म्हणाले,
"वाचवा ऐकलं की लोक खिडक्या लावतात.
कपड्याचा रंग म्हणा. ए लाल शर्ट, सोड हात!
मग आतला माणूस लाल शर्ट शोधतो.
शोधायला खिडकी उघडावी लागते."

मनगट धरलं तर अंगठ्याच्या फटीतून काढायचं.
तिथंच पकड कच्ची असते, कुणाचीही असो.
शंभरदा धरलं एकमेकींना, शंभरदा सुटलो,
वळ घेऊन घरी गेलो, घरच्यांनी विचारलं
हे कुणी केलं.

"चढाई करणाराचं काम समोरचे सात लोळवणं नसतं गं.
दम आहे तोवर रेषेला परत यायचं.
रेषा म्हणजे आपला उंबरा.
बाकी सगळं बोनस."

मला तो पौषात भेटला, कुंडलिकेच्या पुलावर, बुधवारी.
पिशवीत पगार, नऊ हजार चारशे.
मागं पाऊल. मी ओलांडलं. त्यानं ओलांडलं.
मग मनगट.
त्याच्या दुसऱ्या हातात काय होतं, आजही सांगता येणार नाही,
मी फक्त अंगठा बघत होते.

पिशवी नदीकडं फेकली, पाय उलट्या बाजूला,
आणि झाकण उडालं:
ए हिरवं जर्किन!
जर्किन हिरवं नव्हतंच बहुतेक.
अंधारात जो रंग तोंडाला आला तो.
टपरीवरचा एक माणूस उठून उभा राहिला.
पळत आला नाही, काही बोलला नाही,
नुसता उभा राहिला.
तेवढं पुरलं.

चौकीत हवालदार म्हणे, एक तरी ठेवून द्यायची की बाई.
थोरला भाऊ म्हणे, काहून जाते मग त्या क्लासला, काय उपेग?
कंपनीतल्या बायांनी दोन दोनशे जमवले.
सरांनी एकच विचारलं,
"रेषेला पोचलीस?"
पोचले.
"मग गडी बाद नाही,"
आणि गुडघा चोळत बसले.

एक गोष्ट त्यांनाही सांगितली नाही.
सकाळी पुलावर त्याची चप्पल पडलेली,
निळ्या पट्ट्याची, टाचेला भोक.
मी इकडंतिकडं बघून पाय लावून बघितला.
सहा नंबर.
आमच्या धाकट्याला सहाच लागते,
यंदा दहावीला बसलाय.

तीन दिवस ती तिथंच होती, कठड्याला टेकून.
चौथ्या दिवशी नव्हती.
कुणीतरी नेली असेल.
एका पायाची.