वजन तेवढंच

विट्याच्या स्टँडसमोर, चहावाल्याच्या डोक्यावरचा जिना चढून
इंदुताई हसबे आल्या.
रुमालाच्या गाठीतून फोटो काढला,
अंगठ्याच्या नखाहून जरासा मोठा,
डाव्या खांद्यावर बँकेच्या गोल शिक्क्याची पाव चकती.
"एवढाच हाय. हार बसंल एवढा करून द्या.
वर्षश्राद्ध पंधरा दिसांवर आलंय."

स्कॅनरची काच पुसली. बाराशेवर घेतला,
मग चोवीसशेवर.
चोवीसशेवर कागदाचे धागे दिसायला लागले,
माणूस होता तेवढाच राहिला.
मोठा करत गेलो तसे भानुदास हसबे
चौकोन चौकोन होत गेले, फरशी बसवल्यासारखे.
डोळ्याच्या जागी करडे ठिपके. मोजले मी. नऊ.
त्या नऊ ठिपक्यांत सेलमची बावीस वर्षं,
मूस, भट्टी, धुरकट माळवद,
आणि दिवाळीला गावाकडं येणारी एक बॅग.

पुतण्यानं नवं सॉफ्टवेअर टाकून दिलंय.
बटण दाबलं, पट्टी शंभरापर्यंत सरकली
आणि पडद्यावर एक देखणा माणूस आला.
पापण्या सुट्या सुट्या, मिशीचा केस न् केस,
कॉलर परीटघडीची.
मनात म्हटलं, पाचशे रुपये वसूल.

इंदुताईंनी खुर्ची पुढं ओढली.
पाव्हण्याकडं बघावं तसं बघत राहिल्या.
"ह्यो कोन?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.
"डाव्या भुवईत खाच हुती. तेजाब उडालेलं.
तुमच्या मशीननं तितं केस लावलं."
मी सांगायला लागलो, ठिपके कमी असले की मशीन अंदाजानं…
त्यांनी हात वर केला.
"आमी गलाईवाल्याची मानसं.
तोळाभर सोनं ठोकलं की पसरतं,
वजन तेवढंच ऱ्हातं.
वजन वाढलं तर समजायचं,
कुनीतरी कायतरी मिसळलंय."

एकोणीस वर्षं हे दुकान चालवतोय.

मग बसलो मिसळलेलं काढत.
पापण्या गेल्या. मिशी पुन्हा सावलीसारखी.
भुवईतला धूसरपणा, ज्याला मी डाग समजलो होतो,
जसाच्या तसा परत ठेवला.
शिक्का पुसू का, विचारलं.
"नगं. दोघांचं खातं काडलं त्या दिशी मारलेला हाय.
उरलेला माज्या फोटूवर हाय, पासबुकात."

बारा बाय पंधरा ठरलं होतं, आठ बाय दहावर थांबलो.
त्यापुढं तो माणूस पुरला नसता.
कागद बिनचकाकीचा घेतला,
भिंतीला टेकवून ठेवला, म्हटलं, आता मागं सरा.

एकेक पाऊल मागं गेल्या.
झेरॉक्सच्या मशीनपाशी, नाही.
बाकापाशी, नाही.
जिन्याच्या दाराशी पोचल्या आणि थांबल्या,
आणि डोईवरचा पदर सारखा केला.