उमेदवारी

वीस वर्षं जमीन वाचली मी
ती सुरुंगांसाठी.
आता बोरिवलीच्या जंगलात, चिंचपाड्याच्या वाटेवर
माझ्या थोरलीच्या वयाची रेवती पागी
हात आडवा धरते : "काका, थांबा."

पाय तसाच अधांतरी.
मानेवर घाम. कानात तीच शिट्टी,
पुंछपासून सोबत आलेली.

"ठसा आहे हो," म्हणत ती उकिडवी बसते,
वीत लावते.
"बिबट्याची मादी. पहाटेचीच.
आणि हे बघा..."
चिखलात आठ आण्याएवढं
पिल्लाचं पाऊल.

खाली पाड्यावर कुणाचा तरी कुकर होतो.
मी पाय मागे घेतो.

वहीत सवयीनं लिहितो :
वेळ सहा दहा. संख्या दोन. दिशा कान्हेरी.
'कारवाई' असा रकानाच नाही इथं.
पट्टी नसताना, वाकडातिकडा,
मीच आखतो तो,
लिहितो : वाट दिली.