घोषित किंमत

ऐरोली, सेक्टर आठ.
विमा कंपनीचे घैसास बूट काढून आत आले.
हातात टॉर्च, चार रकान्यांचा कागद.

पत्र्याची आगबोट. साल? अंदाजे त्रेपन्न.
चावीचा बेडूक. चालू.
सावंतवाडीची लाकडी बैलगाडी, एक बैल कमी.
"बिलं?"
बिलं कसली, घैसास,
अर्धीअधिक भंगारवाल्याच्या काट्यावरून उचलली,
लोखंडाच्या भावात.

"आगबोटीचं खोकं असतं तर तिप्पट लावली असती."
खोकं आम्ही त्याच दिवशी फाडलं.
कोण थांबतंय!

चोरी, आग, पाणी: मिळेल.
खाडीच्या वाऱ्याने धरलेला गंज: नाही.
वापराने उडालेला रंग: नाही.
तो रंग भालूने उडवला,
आगबोट उंबऱ्यावर आपटून आपटून,
माझ्या हातात द्यायची नाही म्हणून.
भालू हल्ली फोन उचलत नाही.
घैसासांनी तिथे फुली मारली.

शेवटची अट:
वस्तू कुलपात राहतील, खेळल्या जाणार नाहीत.
मी सही केली.

घैसास उठले. एक बूट चढवला.
दुसरा हातातच.
"तो बेडूक... एकदा?"

चावी मीच दिली.
टक टक टक, फरशीवरून सरळ
फ्रिजखाली.

आता आम्ही दोघेही गुडघ्यांवर,
आणि टॉर्च कंपनीचा.