आधी पाणी मारायचं

मृणालीला दोन खोल्या वाढवायच्यात, पर्यटकांसाठी.
मागच्या पडवीतून समुद्र दिसतो, म्हणाली,
फक्त पत्रे काढायचे आणि स्लॅब टाकायचा.
पण तोडफोडीच्या आधी तिनं घर तपासायला बोलावली
रत्नागिरीची शाहिस्ता काझी.
सुनेचे पैसे, सुनेची हौस. मी शिडी धरायला.

आधी भिंती.
पश्चिमेच्या भिंतीवर, कपाटामागे बुरा चढलाय,
काळा, कडेला हिरवट.
मी दर गणपतीला त्यावर चुना फासतो,
तो दर दिवाळीला परत येतो.
तिनं कापसाच्या काडीनं तो टिपला,
तान्ह्या पोराचं नाक टिपावं तसा,
आणि नळीत कोंडून वर तारीख लिहिली.
चुन्याखाली काय आहे, म्हणाली, ते चुन्याला विचारायचं नसतं.

मग खाटेखाली एक डबी ठेवली.
जमिनीतून, दगडातून एक वायू वर येतो म्हणे,
वास नाही, रंग नाही.
"इथे बहुधा काही निघायचं नाही.
पण राहू दे तीन महिने."
राहू दे, म्हटलं. माझा मेहुणा त्याहून जास्त राहतो.

शेवटी पडवी.
"गे बाय, ह्या पत्र्याक काय दात इले?"
ती हसली नाही. मास्क बांधला, एक मलाही दिला.
शिडीवर चढून
पिचकारीनं पत्र्याची कड भिजवली,
थांबली, परत भिजवली,
मग पकडीनं नखाएवढा तुकडा मोडून
पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत.

पाणी कशाला?
"सुकं कापलं की धूळ उडते, बारीक धाग्यांची.
दिसत नाही. छातीत जाऊन बसते ती बसतेच.
आधी पाणी मारायचं, काका. एवढंच."

एवढंच.
आमच्या आचऱ्यात,
जिथे विहिरीला कंबरेएवढा दोर पुरतो.

"घातले कोणी हे?"
मियां, म्हटलं.
त्र्याऐंशी साली माकडांनी कौलं ठेवली नव्हती,
वाडीला पत्र्याचं वेड लागलं होतं.
करवत माझी. पत्रा धरायचा गुणाजी तोरसकर.
गिरणीतून दळण घेऊन यावं तसे आम्ही घरी यायचो,
भुवयांपर्यंत पांढरे.
पोरं ओरडायची, म्हातारे इले, म्हातारे इले.
सत्यवती माझा शर्ट पाणंदीत झटकायची
आणि मग धुवायची.
आधी झटकायची. मग पाणी.

गुणाजीला दमा होता असं सगळे म्हणत,
तो स्वतःही म्हणे.
जन्मात विडी ओढली नाही त्यानं.
सत्यवतीचा एक्स-रे ट्रंकेत तळाशी आहे, साड्यांच्या खाली.
शाहिस्तानं काही विचारलं नाही.
मी शिडी आत नेऊन ठेवली.

अकरा दिवसांनी अहवाल आला, मृणालीच्या फोनवर.
बुरा: आहे, भिंतीत ओल मुरली आहे.
पत्रा: आहे.
फोडू नये, भिजवून अख्खे उतरवावेत,
काम शिकलेल्या माणसांकडूनच.
ती हिशेब घालत बसली, खर्च दुप्पट, हंगाम जवळ,
आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,
बाबा, तुमका खोकलो कधीपासून आसा?

मी तिच्याकडे एक पाठकोरा कागद मागितला.

सुतारी पेन्सिलीनं घरं लिहायला लागलो.
मोंडकर. खालचे पराडकर. पोस्टामागचं न्हावेलीकरांचं.
देवळाची धर्मशाळा. गुणाजीचं स्वतःचं,
ते आम्ही रविवारी केलं, फुकट, चहावर.
सत्तावीस झाली.
मग आठवली शाळा,
पोरं जेवायला बसतात ती पडवी.
तिथे सुट्टीची वाट बघितली नव्हती आम्ही,
करवत चालू होती
आणि खाली जमलेल्या पांढऱ्या धुळीत
पोरं बोटानं आपापली नावं काढत होती.

टोक मोडलं.
चाकूनं पेन्सिल तासली, भुसा मांडीवर पडला.
झटकायला हात उचलला,
मग उठलो,
फडका भिजवून आणला.