अर्धा पंख

फादर इनास म्हणाले, जेवणघरात एक भिंत रिकामी आहे.
संत काढा. आजारी, खाटेवर.
वैद्य म्हणतात, पक्ष्याचं मांस खा, नाहीतर जगत नाहीस.
मठाचा नियम म्हणतो, नाही.
मठाधिपतींची आज्ञा म्हणते, खा.
ताटात दोन भाजलेले तितर.
तो हात उचलतो, हवेत क्रूस काढतो
आणि तितर ताटातून उडून जातात.

मी तोवर खानावळींच्या पाट्या रंगवलेल्या.
तांबडा, पांढरा, सुकं.
वाटीवरची वाफ काढण्यात
अख्ख्या शाहूपुरीत माझा हात धरणारं कोणी नव्हतं.
मी विचारलं, "फादर, ह्यांचा वार कुठला? सोमवार? गुरुवार?"
ते हसले नाहीत.
"सगळेच," म्हणाले.

तितर मिळाले नाहीत.
दस्तगीर मुल्लाणीनं दोन लाव्या दिल्या.
बायकोनं निखाऱ्यावर धरल्या, मी समोर बसून
कातडीचा रंग टिपत राहिलो:
गेरू, त्यात जरा पिवळा, कडेला जळका.
पोरं दारात लाळ गिळत उभी.
"थांबा रे, संतानं अजून हात उचललेला नाही."

थोरल्या आण्णानं चौदाव्या वर्षी माळ घातलेली.
टायफॉईडनं अंगाचं पार चिपाड झालं,
डॉक्टर म्हणाले, अळणी पाजा.
आईनं पेला ओठाशी नेला.
त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं.
काही उडालं नाही.
पेल्यावर चरबीची साय धरली, एवढंच.
आई किती वेळ तशीच धरून बसली,
मग माझ्याकडं न बघता पेला माझ्या हातात दिला.
मी सात वर्षांचा.
गार झालेलं, तरी चांगलं लागलं.
हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

संताचा चेहरा तीनदा पुसला.
शेवटी तोंड फिरवलेलंच ठेवलं, भिंतीकडं.
फादर म्हणाले, "आशीर्वादाचा हात?"
"पांघरुणात आहे," म्हणालो.
एका तितराला एक पंख पिसांचा दिला,
दुसरा अजून तुपात चकाकणारा.
ते बराच वेळ बघत राहिले.
पैसे ठरल्यापेक्षा पन्नास कमी दिले
आणि चित्र ठेवून घेतलं.

तिथला स्वयंपाकी बस्त्याव भेटला की म्हणतो,
"पेंटर, तंगडी झकास जमलीय.
शुक्रवारी नुसती आमटी वाढताना
पाठ करून बसतात सगळे तिच्याकडं."