शांतता वाजवून दाखव

महिना संपायला नऊ दिवस,
कोटाच्या आतल्या खिशात एकशे चाळीस झ्लॉटी,
पैकी वीस रक्तदाबाच्या गोळ्यांचे.
म्हणजे एकशे वीस.

ग्दिनियात आज वारा पिसाळलाय,
गोदीतल्या क्रेनच्या तारा एकाच सुरात रडताहेत,
आणि मी, बोगुमिल, एकतीस वर्षं जहाजांवर रेडिओवाला,
वादळातून टिंबं आणि रेघा वेचून काढणारा,
संगणकाच्या दुकानात उभा आहे
एका किरकिरीची तक्रार घेऊन.

"माउस हलवला की हेडफोनमध्ये
कुणीतरी फुटाणे चावतं."
ओल्गेर्द हसत नाही. चांगला पोरगा.
"मदरबोर्डवरचा आवाज तो. शेजारी पंखा, डिस्क,
वीजपुरवठा. बिचाऱ्याच्या चारी भिंतींना शेजारी."

मग एक खोका काढतो. खोक्यावर ड्रॅगन.
आठ वाहिन्या, लाल दिवा, चारशे एकोणसत्तर.
"सिनेमाला हाच घ्या. हेलिकॉप्टर डोक्यावरून जातं."
माझं घर दीड खोलीचं.
आठ स्पीकर मांडले तर
हेलिकॉप्टर आत राहील, मी जिन्यात झोपेन.

आणि सिनेमाला येतं कोण?
दर गुरुवारी हालश्का, तिसऱ्या मजल्यावरची.
माशांचे डबे भरायच्या कारखान्यात बावीस वर्षं,
डावा कान तिथेच ठेवून आलेली.
भिंती पातळ, म्हणून दोघांना दोन हेडफोन
एका दुतोंडी वायरीवर.
तिच्यासाठी पाऊस उजवीकडेच पडतो,
घोडे उजवीकडूनच येतात
आणि कुठेच जात नाहीत.

दुसरं कार्ड वापरलेलं, चंदेरी पिशवीतलं, नव्वद.
"गाण्याला सोनं आहे हे,"
पण नव्या विंडोजसाठी ड्रायव्हर नाही,
कंपनीनं कधीच वाऱ्यावर सोडलंय.

तिसरं काडेपेटीएवढं, यूएसबीला लटकणारं.
एकशे नऊ. दोनच वाहिन्या.
"दिसायला काही नाही," ओल्गेर्द ओशाळतो,
"पण पेटीच्या बाहेर राहतं."
हे मला लगेच पटलं.
घरातल्या भांडणात जो उठून अंगणात बसतो
त्याचंच डोकं ठिकाणावर असतं.

माझे हेडफोन काढले, गादी दोनदा शिवलेली.
"काय लावू? ऑर्केस्ट्रा? स्फोट?"
"काही नको. शांतता वाजवून दाखव."
त्यानं आवाज शेवटपर्यंत वर नेला
आणि काहीच लावलं नाही.

ड्रॅगनमध्ये लांब कुठेतरी पाणी उकळत होतं.
काडेपेटीत

तासातून दोनदा, तीन-तीन मिनिटं,
समुद्रावरची सगळी जहाजं गप्प राहायची,
कुणी बुडत असेल तर ऐकू यावं म्हणून.
आम्ही कानावर हात दाबून बसायचो.
ती तीन मिनिटं
तशीच्या तशी तिच्यात होती.

एकशे नऊ दिले. अकरा उरले.
अकरात खसखशीच्या केकचा एक तुकडा,
सुरीनं दोन होतात.

गुरुवारी सेटिंगच्या तळाशी
एक चौकोन सापडला: डावं-उजवं एकत्र करा.
बोट घुटमळलं.
इतकं पारखून आणलेलं,
दोन कानांमधलं एवढं स्वच्छ अंतर,
आणि पहिल्याच दिवशी मी ते पुसायचं?
केली टिचकी.

सिनेमा आमचा चारदा पाहिलेला.
स्वयंपाकघर. बाई खिडकीशी,
तो अगदी डावीकडे, दारात.
हालश्कानं सिनेमा थांबवला,
हेडफोन मानेवर घेतला.
"हा इथे बोलतो?"
"बोलतो."
"दर वेळी?"
"दर वेळी."
तिनं बोटावरची खसखस चाटली, पुढचं ऐकलं,
मग म्हणाली, "काही विशेष बोलत नाही मेला,"
आणि मला म्हणाली,
मागे घे.