दोरावरचा हात

एडेलमिराचं घर आज खाडीपलीकडे जाणार होतं.
नवरा गेला, बहीण तिकडे.
म्हणाली, येते मी, पण घर घेऊन येते.
आमच्या चिलोएत याचं कुणाला नवल नाही.

लाकडी चकत्यांचं घर, कधीकाळी निळं.
चूल सोडवली, काचा घोंगडीत बांधल्या,
खाली दोन ओंडके सरकवले.
पुढे सहा बैलजोड्या,
दोन्ही अंगांनी आम्ही चाळीस जण, दोर धरून.

तिच्या नवऱ्याशी माझं कुंपणावरून
एकोणीस वर्षं वाकडं.
पण न येऊन कसं चालेल?
उद्या वाऱ्यानं माझं छप्पर नेलं तर?
म्हणून आलो. दोर धरला.
ओढला मात्र नाही.

मान ताठ, दात आवळलेले,
रोसामेलच्या हाकेला ओ माझीच सगळ्यांत मोठी.

घर कुरकुरलं,
आणि झोपेत कुणी कूस बदलावी
तसं निघालं.

चाळीसातून मी वजा, तरी निघालं.
मग आणखीही कुणी वजा असेल.
पुढचा म्हातारा बारिया? मागचं ते नाक ओढणारं पोरगं?
एकेक जण वजा करत गेलो
तर घर नेमकं कुणापाशी थांबेल?
जो कुणी असेल, त्याला तरी ठाऊक असेल का?

हिशोब चालू होता, तेवढ्यात उतार लागला.
बारियाचा पाय घसरला,
दोराला हिसका बसला,
आणि बघतो तर माझ्या टाचा चिखलात रुतलेल्या,
खांद्यातून कळ,
तळव्याची साल दोराला.
मी ठरवलं नव्हतं.
कुणी ठरवलं, ते दोराला विचारून उपयोग नाही.

भरतीला घर पाण्यात शिरलं.
पुढे तीन होड्या. एका खिडकीत पडदा राहून गेलेला,
तो हलत होता, निरोपाचा हात जसा
कुणाला हलवायचा ते न ठरवता हलतो.

रात्री सफरचंदाची दारू, बटाट्याच्या गरम वड्या.
परात घेऊन ती माझ्यासमोर थांबली.
"तुम्ही आणलंत," म्हणाली.
मागे सगळे उभे होते.
तुम्ही म्हणजे मी,
की तुम्ही म्हणजे ते सगळे, त्यात मी?
विचारलं नाही.

वडी सोललेल्या हातात धरवेना.
थोडा वेळ ती
शेजारच्या कुणीतरी धरली.